सूर्यशक्तीच्या कामात स्त्रियांचा वाटा

सूर्याचा प्रकाश, वाऱ्याचा वेग, वाहत्या पाण्याचा जोर आणि शेण, लाकूड, पालापाचोळा ह्यांत साठलेली उष्णता ही ऊर्जेची अशी साधने आहेत की, आज वापरली तरी निसर्ग ती उद्या पुन्हा भरून देतो. म्हणून त्यांस नवीकरणीय ऊर्जा असे नाव मिळाले. कोळसा व खनिज तेल पृथ्वीच्या पोटात कोट्यवधी वर्षांत तयार होतात आणि एकदा जाळले की संपतात. हा भेद आता शाळेतल्या मुलांसही परिचित आहे. परंतु ह्या विषयाची एक दुसरी बाजू आहे आणि तिचा विचार आपल्याकडे फारच थोडा होतो. सूर्यप्रकाश फुकट मिळत असला, तरी त्याची वीज करावयाची म्हणजे माणसांचे हात लागतात. सौरघट बनवावे लागतात, ते जोडून सौर पॅनेले तयार करावी लागतात, ती गच्चीवर किंवा माळावर बसवावी लागतात, तारा ओढाव्या लागतात, धूळ पुसावी लागते आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती करावी लागते. ह्या प्रत्येक कामास मजुरी आहे. ती मजुरी कोणाच्या हाती पडते आणि तीत स्त्रियांचा वाटा किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ऊर्जेचे काम स्त्रियांस नवे आहे, असे कोणी समजू नये. रानात जाऊन सरपण गोळा करणे, त्याची मोळी डोक्यावरून घरी आणणे, शेणाच्या गोवऱ्या थापणे, त्या वाळवून पावसाळ्यासाठी रचून ठेवणे आणि अखेर चुलीपुढे बसून धूर डोळ्यांत घेणे, ही कामे भारतात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. ही सारी नवीकरणीय ऊर्जाच आहे. तिच्या उत्पादनाचा, वाहतुकीचा आणि साठवणुकीचा भार बव्हंशी स्त्रीवर होता, आणि अनेक गावांत तो आजही आहे. ह्या कामास वेतन नव्हते, म्हणून कोणत्याही जमाखर्चात त्याची नोंद झाली नाही. आता तीच ऊर्जा वेगळ्या रूपाने, भांडवल आणि वेतन बरोबर घेऊन आली आहे. अशा वेळी ज्या हातांनी आजवर हे काम विनामूल्य केले, त्यांस नव्या व्यवस्थेत स्थान मिळते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम आकडे पाहू. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये ह्या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील अनेक देशांतील संस्थांकडून प्रश्नावली भरून घेऊन तो तयार केला होता. त्यानुसार नवीकरणीय ऊर्जेच्या क्षेत्रात पूर्णवेळ काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा ३२ होते. खनिज तेल व वायू ह्यांच्या धंद्यात ते शेकडा २२ असल्याचे तोच अहवाल सांगतो. म्हणजे जुन्यापेक्षा नवे क्षेत्र बरे, असा निष्कर्ष वरवर निघतो, आणि तो चुकीचा नाही. त्याच संस्थेने पुढे पवन ऊर्जेचा व सौर ऊर्जेचा वेगवेगळा अभ्यास केला. पवन ऊर्जेत स्त्रिया शेकडा २१ आढळल्या, तर २०२२ च्या अहवालात सौर ऊर्जेत शेकडा ४० आढळल्या. प्रश्नावलीस उत्तर देणे ऐच्छिक असल्यामुळे हे आकडे जनगणनेसारखे काटेकोर मानता येणार नाहीत. तथापि दिशा कळण्यास ते पुरेसे आहेत.

परंतु एकूण बेरजेत एक धोका असतो. बेरीज किती स्त्रिया आहेत ते सांगते, कोठे आहेत ते सांगत नाही. शेकडा ४० हा आकडा उकलून पाहिला, म्हणजे वस्तुस्थिती दिसू लागते. २०२२ च्या त्याच अहवालात सौर पॅनेले बनविणाऱ्या कारखान्यांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा ४७ आहे, परंतु ती पॅनेले प्रत्यक्ष बसविणाऱ्या संस्थांत ते केवळ १२ आहे. कचेरीतील लेखनिकी व व्यवस्थापकीय साहाय्याच्या कामांत स्त्रिया निम्म्याहून अधिक आहेत, पण वरिष्ठ व्यवस्थापनात त्या शेकडा १७ एवढ्याच उरतात. भारतापुरते बोलावयाचे, तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आणि दिल्लीची ऊर्जा, पर्यावरण व जल परिषद ह्यांनी २०१९ मध्ये छतावरील सौर ऊर्जेच्या धंद्याची पाहणी केली. त्यात स्त्रियांचे प्रमाण सुमारे शेकडा ११ निघाले. कचेरीतून बांधकामाच्या जागेकडे जावे, तसतसे हे प्रमाण घसरत जाते. मेजाशी आणि कारखान्यातील बाकाशी स्त्री दिसते. गच्चीवर, मनोऱ्यावर आणि निर्णय जेथे होतात त्या खोलीत ती क्वचितच दिसते.

असे का व्हावे? पहिले उत्तर बहुधा शारीरिक बळाचे दिले जाते. ते तपासून पाहू. घराच्या गच्चीवर बसवावयाचे एक पॅनेल साधारणतः वीस ते तीस किलोग्रॅम वजनाचे असते आणि ते दोघांनी मिळून उचलावयाचे असते. भारतातील कोणत्याही शहरात इमारतीचे काम चालू असेल तेथे विटांच्या, वाळूच्या व सिमेंट कालव्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन शिडी चढणाऱ्या स्त्रिया आपण पाहतो. तेथे त्यांच्या बळाविषयी कोणी शंका घेत नाही. ती शंका हाती पाटीऐवजी पाना व वीजमापक देण्याची वेळ आली म्हणजे उत्पन्न होते. पाटी वाहणाऱ्या हातापेक्षा पाना धरणाऱ्या हातास मजुरी अधिक मिळते, हे येथे लक्षात ठेवावे. तेव्हा ज्यास आपण बळाचा प्रश्न म्हणतो, तो पुष्कळदा मजुरीच्या दराचा प्रश्न असतो.

दुसरे उत्तर बुद्धीचे आणि आवडीचे. यंत्रविद्येकडे स्त्रियांचा ओढाच नसतो, असे अजूनही बोलले जाते. ह्याचे खंडन सौर ऊर्जेच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डोव्हर येथे १९४८ मध्ये केवळ सूर्याच्या उष्णतेने उबदार राहणारे एक घर उभारले गेले. त्याची उष्णता साठविण्याची योजना मारिया टेल्केस ह्या शास्त्रज्ञ स्त्रीची होती, आराखडा एलिनॉर रेमंड ह्या स्थापत्यविशारद स्त्रीचा होता आणि खर्च अमिलिया पीबडी ह्या शिल्पकार स्त्रीने सोसला होता. त्याच १९४८ सालात आपल्याकडे अॅना मणी पुण्यास भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या उपकरण शाखेत रुजू झाल्या. बंगळुरास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके ह्यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केले होते. पदव्युत्तर पदवी नाही ह्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांस डॉक्टरेट दिली नाही. पुढे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात त्यांनी देशभर सूर्याचे प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. भारतातील सौर प्रारणाच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये निघाला, आणि निवृत्तीनंतर देशभरातील वाऱ्याचे मापनही त्यांनी हाती घेतले. भारतात कोठे किती ऊन पडते आणि कोठे किती वारा वाहतो, ह्या ज्ञानाचा मोठा भाग एका स्त्रीच्या परिश्रमांतून उभा राहिलेला आहे.

मग अडथळा कोठे आहे? माझ्या मते तो कामात नसून कामाकडे जाणाऱ्या दारांत आहे. उद्योग नवा असला, तरी त्याची दारे जुनीच आहेत.

पहिले दार कायद्याचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सायंकाळी सात ते सकाळी सहा ह्या वेळेत स्त्रियांस कारखान्यात कामावर ठेवण्यास मनाई केली होती. चालू असलेल्या यंत्राचा मुख्य चालक भाग पुसणे, त्यास तेल देणे किंवा तो जुळवणे ही कामेही स्त्रीस देऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १९५२ च्या खाण अधिनियमाने त्यांस भूमिगत खाणीत उतरण्यास बंदी केली होती. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण परिणाम असा झाला की, यंत्राजवळ जाऊन त्याचा स्वभाव शिकण्याची संधीच स्त्रीस मिळाली नाही आणि पाळीचे काम पुरुषांचे ठरले. रात्रपाळीवरील बंदी काही राज्यांत मधल्या काळात सैल झाली. भूमिगत खाणीतील तांत्रिक व देखरेखीच्या कामांवर स्त्रियांस नेमण्याची मुभा २०१९ मध्ये मिळाली. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि स्त्रीच्या संमतीने व सुरक्षिततेच्या अटींवर तिला सर्व प्रकारच्या आस्थापनांत, रात्रीही, काम करता येईल असे तीत म्हटले आहे. हे दार कागदावर उघडले आहे. परंतु सत्तर वर्षे बंद राहिलेल्या दाराची सवय केवळ राजपत्राने जात नाही.

दुसरे दार शिक्षणाचे. सौर पॅनेले बसविण्याच्या कामास तंत्रज्ञ घेताना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विजतंत्री किंवा तारतंत्री ह्या व्यवसायांचे प्रमाणपत्र सामान्यतः मागितले जाते. २०१५ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या सूर्यमित्र प्रशिक्षणासही अशाच पूर्वशिक्षणास प्राधान्य आहे. आता ह्या वर्गांत मुली किती असतात, हे वाचकांनी आपल्या गावच्या संस्थेत जाऊन स्वतः पाहावे. शिवणकाम, केशभूषा आणि संगणक ह्यांच्या वर्गांत मुलींची रांग दिसेल, आणि विजतंत्रीच्या वर्गात एखाददुसरी. दहावीनंतर अर्ज भरताना घेतलेला हा एक निर्णय पुढच्या तीस वर्षांची मजुरी ठरवितो. तो निर्णयही पुष्कळदा मुलगी घेत नाही. घरचे घेतात, आणि शाळा त्यास मान डोलावते.

तिसरे दार रोजच्या व्यवहाराचे आहे, आणि ते सर्वांत अरुंद आहे. छतावरील सौर ऊर्जेचे काम बहुतांशी लहान ठेकेदारांच्या हाती असते. चारसहा माणसांची एक टोळी असते. ती आज ह्या गावी तर उद्या त्या गावी जाते, सामानाच्या गाडीतून प्रवास करते आणि मिळेल तेथे मुक्काम करते. ही माणसे ओळखीतून जमवलेली असतात. जाहिरात नसते, मुलाखत नसते. कामाच्या जागी शौचालय असेलच असे नाही. ज्या आस्थापनेत ५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर असावे असा कायदा आहे, पण सहा जणांच्या टोळीस तो लागू होत नाही. अशा स्थितीत स्त्री आली नाही, तर ‘बायकांस हे काम आवडत नाही’ असे अनुमान काढले जाते. वास्तविक तिला काम नाकारण्याचा प्रसंगच आलेला नसतो, कारण विचारणाच झालेली नसते.

चौथे दार जमिनीचे. कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यात पावगडा येथे सुमारे तेरा हजार एकरांवर दोन हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे सौर उद्यान उभे आहे. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली गेली, ही त्याची विशेषता, आणि दुष्काळी तालुक्यातील खातेदारांस दरवर्षी खात्रीचे भाडे मिळाले हे चांगलेच झाले. पण भाडे खातेदारास मिळते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतात शेती कसणाऱ्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे शेकडा १४ होते. त्या जमिनीवर निंदणी-खुरपणी करून पोट भरणारी भूमिहीन स्त्री कोणत्याही भाडेपट्ट्यात नसते. शेत गेले की तिची मजुरी जाते, आणि उद्यानात तिच्यासाठी काम निघालेच, तर ते पॅनेलांखालचे गवत काढण्याचे किंवा काच पुसण्याचे असते.

ह्यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की, उद्योगाने योग्यता पाहावी, स्त्री-पुरुष पाहू नये. हे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु योग्यतेची परीक्षा होण्यासाठी परीक्षेस बसू देणे आवश्यक आहे. तेलंगणात वीज कंपनीच्या कनिष्ठ तारमार्ग-कामगाराच्या भरतीत काही स्त्रियांनी अर्ज केले होते. खांबावर चढण्याची चाचणी त्यांस देऊ दिली जात नव्हती, म्हणून त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२० च्या अखेरीस चाचणी झाली, त्यात स्त्रिया खांबावर चढून उत्तीर्ण झाल्या आणि पुढे नेमणूकही मिळाली. येथे सवलत कोणी मागितली नव्हती. खांब तोच, उंची तीच. मागणी एवढीच होती की, आम्हांस चढून पाहू द्या.

दारे उघडली म्हणजे काय होते, ह्याची आणखी उदाहरणे आहेत. राजस्थानातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत आफ्रिकेतील व अन्य देशांतील खेड्यांतून आलेल्या प्रौढ, बहुधा निरक्षर स्त्रिया सहा महिने राहून सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकल्या. शिकविणारीची आणि शिकणारीची भाषा एक नसे. रंगांच्या खुणा, हाताचे इशारे आणि पुन्हापुन्हा करून पाहणे ह्यांवर सारे शिक्षण चाले. त्याच राजस्थानातील डुंगरपूर येथे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने आदिवासी स्त्रियांनी सौर दिवे व पॅनेले बनविण्याचा उद्योग उभा केला, आणि त्या नुसत्या कामगार न राहता त्याच्या भागधारकही झाल्या. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातील गंगैकोंडान येथे २०२४ मध्ये उत्पादनास लागलेल्या मोठ्या सौरघट कारखान्यात बहुसंख्य कामगार तरुण स्त्रिया आहेत.

ह्या शेवटच्या उदाहरणाने मात्र आपण निर्धास्त होऊ नये. विजेच्या सूक्ष्म उपकरणांच्या कारखान्यांत स्त्रियांस कामावर घेताना ‘त्यांची बोटे नाजूक असतात आणि त्या शिस्तीने वागतात’ असे कारण अनेक देशांत दिले गेले आहे. कापडगिरण्यांनी आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांनीही हीच भाषा वापरली. ह्या स्तुतीच्या पोटात पुष्कळदा कमी मजुरी, अल्प मुदतीची नोकरी आणि लग्न होताच सुटका अशी अपेक्षा दडलेली असते. म्हणून कारखान्यात किती स्त्रिया घेतल्या, एवढे विचारून भागत नाही. पाच वर्षांनंतर त्यांपैकी किती टिकल्या, किती पर्यवेक्षक झाल्या आणि यंत्रदुरुस्तीच्या शाखेत किती गेल्या, हेही विचारले पाहिजे.

अनुवादाच्या कामात मला ह्याच प्रश्नाचे एक लहानसे रूप रोज भेटते. इंग्रजी वाक्यात तंत्रज्ञ पॅनेल बसवीत असला, तर तो पुरुष की स्त्री हे वाक्य सांगत नाही. मराठी वाक्यास ते सांगावेच लागते, कारण आमचे क्रियापद लिंग मागते. तंत्रज्ञ ‘बसवतो’ असे लिहावयाचे की ‘बसवते’ असे, ह्याचा निर्णय लेखणीस करावा लागतो, आणि पाठ्यपुस्तकांतून तो बहुधा एकाच बाजूने होत आलेला आहे. ‘परिचारिका’, ‘शिक्षिका’ हे शब्द रुळले. ‘वायरमन’ शब्दातला पुरुष मात्र तसाच राहिला. शब्द बदलल्याने नोकरी मिळत नाही, हे खरे. परंतु दहाव्या वर्षी पुस्तकात जे चित्र पाहिले, ते सोळाव्या वर्षी अर्ज भरताना आठवते. ‘विजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’ हे आपले शब्द दोहोंस सारखेच शोभतात. ते वापरावेत.

२०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना ५०० गिगावॉट वीजक्षमता उभारण्याचा संकल्प भारताने २०२१ मध्ये जाहीर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत एक कोटी घरांवर सौर पॅनेले बसविण्याचे ठरले आहे. हे काम करणारे लाखो हात आज शिकत आहेत. उद्योग तरुण आहे, तोवरच त्याची वळणे घडविता येतात. ह्यासाठी फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने कामगारांचे आकडे स्त्री-पुरुष असे वेगवेगळे, आणि कामाच्या प्रकारानुसार, प्रसिद्ध करावेत. प्रशिक्षण संस्थांनी मुलींसाठी वसतिगृह व सुरक्षित वाहतूक द्यावी. ठेक्याच्या अटींत कामाच्या जागी शौचालय असणे बंधनकारक करावे. लहान ठेकेदारांच्या कामगारांसाठी ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने सामाईक पाळणाघर चालवावे. सौर उद्यानासाठी जमीन जाते तेथे भूमिहीन मजुरांसही भरपाईच्या व प्रशिक्षणाच्या योजनेत घ्यावे.

आणि शाळांनी एक गोष्ट करावी. आता पुष्कळ शाळांच्या छतांवर सौर पॅनेले आली आहेत. विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी मुलामुलींस तेथे न्यावे, आणि मापक यंत्र हाती देऊन दुपारी बाराचा व चारचा विजेचा दाब मोजून वहीत लिहावयास सांगावे. ते यंत्र पहिल्यांदा मुलीच्या हाती द्यावे. मुलगे बाजूला उभे राहून आकडे टिपून घेतील, आणि पुढच्या आठवड्यात पाळी बदलेल.